कोल्हापूरच्या जुन्या पोस्टकार्ड-पाकिटावरचं नकाशाचं तिकीट आणि ‘टी’ शिक्का कुठल्या काळातला?

रंकाळा, नवा राजवाडा, अंबाबाईचं देऊळ अशा चित्रांच्या पाकिटावर भारताचा नकाशा असलेलं, नव्या पैशांतल्या किमतीचं तिकीट आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे निम्मं काम झालंच. १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नये पैसे आले आणि तेव्हाच ही नकाशा मालिका निघाली. १९६४ मध्ये ‘नये’ हा शब्द गेला. त्यामुळे छपाई १९५७ ते ६४ च्या दरम्यानची. तिकीट संस्थानी नाही, भारतीय टपालखात्याचंच आहे.

याच मालिकेचे दोन प्रकार आहेत: सुरुवातीच्या कागदात चांदण्यांचं जलचिन्ह (कागदातच उमटवलेली फिकट खूण), १९५८ नंतर अशोकस्तंभाचं. पण ते बघायला तिकीट सोडवू नका हं! पाकिटासकट, शिक्क्यासकट असलेल्या वस्तूला सुट्या तिकिटापेक्षा कितीतरी जास्त अर्थ असतो.

गोलातला ‘टी’ म्हणजे तिकीट कमी पडलं होतं. अशा टपालावर कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे पोस्टमन घेणाऱ्याकडून वसूल करायचा. चित्रांचं पाकीट जाड, वजन वाढलं असणार. शिक्क्याशेजारी हातानं लिहिलेला आकडा दिसतो का बघा, तीच ती वसुली.

तारीख पुसट असेल तर टॉर्च बाजूनं तिरका धरा, शाईचे दाब उठून दिसतात. शिक्क्यात पिनकोड असेल तर मात्र टपाल १९७२ नंतरचं, मग जुनं तिकीट उशिरा वापरलंय. मागच्या बाजूचाही फोटो टाका, पोचल्याचा शिक्का बहुतेक तिथेच असतो.