ब्राइटनेसची पट्टी गेली म्हणून फॉरमॅट मारू नका

प्रश्न असा आहे: "विंडोज ११ चं अपडेट रात्री आपोआप झालं. सकाळपासून ब्राइटनेस कमी-जास्त करायची पट्टीच दिसत नाही, स्क्रीन पूर्ण उजेडात अडकली आहे. मालाडला घराजवळच्या दुकानात दाखवलं तर फॉरमॅट मारावं लागेल म्हणाले. सोमवारी मुलीची ऑनलाइन परीक्षा आहे. काय करू?"

फॉरमॅट नको. सोमवारपर्यंत तर अजिबातच नको. नंतरही बहुतेक गरज पडणार नाही.

मी काही कम्प्युटर इंजिनिअर नाही. गिरगावात डीटीपीचं काम करते: लग्नाच्या नि मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकांची पानं. पण तुमच्यावर आलंय तेच दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत माझ्यावर आलं होतं. पहिले तीन दिवस मी तशीच काम करत राहिले. डोळे दुखले ते सोडा. एका पत्रिकेचा लाल रंग त्या उजेडात फारच झळझळीत दिसायचा, म्हणून मी तो गडद करत गेले, आणि छापून आला तो थेट विटकरी. नवरीच्या मामांनी पत्रिका हातात घेतली, काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि ऑपेरा हाउसवरून चालत लॅमिंग्टन रोड गाठला. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने विचारलंत तर समोरचा आधी बुचकळ्यात पडतो.)

पहिल्या दुकानात तुम्हाला मिळालं तेच उत्तर मिळालं. विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारू, संध्याकाळी या. माझ्या मशीनवर जुने नॉन-युनिकोड फाँट आहेत, म्हणजे त्यांत टाइप केलेलं मराठी दुसऱ्या फाँटमध्ये वाचताच येत नाही. ते परत बसवायचे आणि जुन्या फायली त्यांत पुन्हा नीट उघडतात का बघायचं म्हणजे आठवडा गेला, म्हणून मी तिथून निघाले. पुढे एका जिन्याखाली टेबल टाकून एक मुलगा बसला होता. त्याने पट्टीकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "मावशी, अक्षरं आधीपेक्षा मोठी आणि फिसकटलेली दिसतात का? दुसरा मॉनिटर लावला तर चालतो का?" मोठी दिसत होती, आणि मॉनिटर चालत नव्हता. "मग ड्रायव्हर उडालाय," म्हणाला, आणि दहा मिनिटांत लॅपटॉप माझ्या हातात. दोनशे रुपये घेतले. मी खुशीने दिले.

त्याने सांगितलं ते तुम्हालाही कळलं, तर पुढचं सगळं सोपं होईल. ब्राइटनेसची पट्टी विंडोजमध्ये कायमची ठोकून बसवलेली नसते. समोरच्या स्क्रीनचा उजेड बदलता येतो का, हे विंडोज आधी विचारून घेतं आणि त्याचं उत्तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि स्क्रीन चालवणारी चिप यांच्यामधला दुभाष्या प्रोग्रॅम, देतो. उत्तर 'हो' आलं तर पट्टी दिसते. 'नाही' आलं, किंवा उत्तर द्यायला ड्रायव्हरच जागेवर नसला, तर पट्टी दिसत नाही. अपडेटच्या गडबडीत तुमच्या लॅपटॉपचा खरा ड्रायव्हर बसला नाही, तर विंडोज स्वतःजवळचा एक कामचलाऊ ड्रायव्हर लावतं. त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर. याला चित्र दाखवता येतं, बस. उजेड कमी-जास्त करणं, रात्रीचा पिवळसर नाइट लाइट, जोडीचा मॉनिटर, यातलं काही त्याला जमत नाही. म्हणजे तुमची पट्टी कोणी पुसलेली नाही. तिच्या मागचा माणूस कामावर आलेला नाही, एवढंच.

आता तुमच्या लॅपटॉपकडे वळू. आधी एक लाजिरवाणी शक्यता संपवा: मुलीच्या अभ्यासासाठी मोठा मॉनिटर किंवा टीव्ही एचडीएमआयच्या वायरीने जोडून लॅपटॉपचं झाकण मिटलंय का? तसं असेल तर पट्टी दिसणारच नाही. ती लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनसाठी असते, बाहेरच्या मॉनिटरचा उजेड त्याच्याच बटणांनी बदलायचा. वायर काढा, झाकण उघडा, मग विंडोजचं बटण आणि ए एकत्र दाबा. उजव्या कोपऱ्यात चौकट उघडते, पट्टी तिथे असते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, इथेही तीच पट्टी असते. दोन्हीकडे नसेल तरच पुढे वाचा.

आता रीस्टार्ट करा. शटडाउन नव्हे. या दोन्हींत मोठा फरक आहे आणि तो आपल्याला कोणी सांगत नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक लॅपटॉपवर चालूच असते. ती असली की शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उचलला जातो. त्यामुळे अपडेटनंतर अर्धवट अडकलेला ड्रायव्हरही तसाच उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. आपण मुंबईकर तर शटडाउनही करत नाही, झाकण मिटतो आणि ८.१७ ची लोकल पकडायला पळतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडलंत तर तिथे 'अप टाइम' दिसेल. माझ्या शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर तो एकेचाळीस दिवस होता, आणि ते म्हणत होते की मी रोज रात्री बंद करतो!

रीस्टार्टने नाही झालं तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. क्षणभर स्क्रीन काळी होते, एखादा बीप येतो, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. उघडलेल्या फायलींना धक्का लागत नाही. याने सुटेल याची खात्री नाही, पण करून बघायला काही जात नाही.

खरं निदान पुढे आहे. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्सच्या बाजूचा बाण दाबा. तिथे बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर लिहिलेलं दिसलं, तर तुमची केस माझ्यासारखीच. इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया (या ग्राफिक्सची चिप बनवणाऱ्या कंपन्या) असं नाव दिसतंय पण त्यावर पिवळा त्रिकोण आहे, तर ड्रायव्हर आहे पण चालत नाही. नाव बरोबर आणि त्रिकोणही नाही, तर खाली मॉनिटर्स उघडा. जेनेरिक पीएनपी मॉनिटरच्या चित्रावर खाली तोंड केलेला छोटा बाण असला, तर तो बंद पडलाय. राइट क्लिक करून एनेबल केलं की पट्टी परत येते.

एक गफलत इथे बरेच जण करतात. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील, म्हणजे प्रोसेसरमधलं इंटेलचं आणि शिवाय एनव्हिडियाचं वेगळं, तर लोक एनव्हिडियाचा ड्रायव्हर तीन-तीनदा बसवतात. पण बहुतेक अशा लॅपटॉपमध्ये स्क्रीन प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेली असते. आधी इंटेलचा किंवा एएमडीचा ड्रायव्हर बघा.

नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हरचा टॅब. तिथे रोल बॅक ड्रायव्हर असं बटण असतं. ते दाबता येत असेल तर दाबा, आधीचा ड्रायव्हर परत येतो. माझं बटण करडं होतं, कारण मागे जायला आधीचा ड्रायव्हरच विंडोजने ठेवलेला नव्हता. मग त्या मुलाने अपडेट ड्रायव्हर दाबलं, स्वतः कम्प्युटरमध्ये शोधण्याचा पर्याय निवडला, मग उपलब्ध यादीतून निवडण्याचा. यादीत बेसिकच्या खाली माझा खरा इंटेलवाला पडलेला होता! निवडला, स्क्रीन दोनदा लुकलुकली, अक्षरं एकदम बारीक झाली आणि पट्टी आली.

यादीतही नसेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स बघा. ड्रायव्हर पुष्कळदा तिथे पडून असतात आणि आपण टिक केल्याशिवाय येत नाहीत. तिथेही नसेल तर लॅपटॉपच्या बुडाला चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल नंबर घेऊन लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर उतरवा. चिप बनवणाऱ्याच्या साइटवर आणखी नवा मिळेल, पण लॅपटॉपवाल्यांचा त्या मॉडेलवर तपासलेला असतो, म्हणून आधी तो. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' असं म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर मात्र घेऊ नका. माझ्या भाच्याने घेतलं होतं. ड्रायव्हर आले की नाही देव जाणे, जाहिराती भरपूर आल्या.

इथपर्यंतचं सगळं परीक्षेआधी करायला हरकत नाही. पुढचं मंगळवारी.

अपडेटच काढून टाकायचं असेल तर विंडोज अपडेटमध्ये अपडेट हिस्टरी, आणि अगदी तळाशी अनइन्स्टॉल अपडेट्स. हे महिन्याच्या छोट्या अपडेटसाठी. विंडोजची आख्खी आवृत्तीच बदलली असेल, रात्री तास-दोन तास गोल फिरत होतं अशातली, तर सिस्टिम, रिकव्हरी, गो बॅक हा मार्ग आहे. तो फक्त १० दिवस उघडा असतो. त्यानंतर जुनं विंडोज आपोआप पुसलं जातं. म्हणून डिस्क भरली म्हणून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' नावाचं काही साफ करायला निघाला असाल तर थांबा, तीच तुमची परतीची वाट आहे.

रिकव्हरीत हात घालण्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का बघा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली सापडेल. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली आहे का तपासा आणि कागदावर उतरवून घ्या. रिकव्हरीनंतर निळ्या पडद्यावर तिची मागणी होऊ शकते, आणि ती नसली तर फोटो, फायली सगळं असूनही नसल्यासारखं. बायॉस, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करायचं ठरवलंत तरी हेच आधी. दुकानात देतानाही हे विचारून ठेवा. विचारल्यावर समोरचा गोंधळला तर लॅपटॉप परत घ्या.

यातल्या कशानेच पट्टी आली नाही तर सोमवार असा काढा: पर्सनलायझेशनमध्ये कलर्स उघडून डार्क निवडा आणि मुलीला खिडकीजवळ बसवा. अंधाऱ्या खोलीत पूर्ण उजेडाची स्क्रीन डोळ्यांना जास्त टोचते, उजेडाच्या खोलीत कमी. परीक्षेसाठी एखादं सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं असेल तर ते आदल्या दिवशीच उघडून बघा. ड्रायव्हर बदलल्यावर कॅमेरा आणि ते दोन्ही चालतंय ना, हे पट्टीपेक्षा महत्त्वाचं आहे.

लॅपटॉप ऑफिसचा असेल तर गोष्ट वेगळी. काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते, अशा अर्थाची ओळ वर दिसली तर ती सेटिंग ऑफिसने मुद्दाम झाकलेली आहे. आयटीवाल्यांना फोन करा, स्वतः खोदकाम करू नका.

बाकी गायब होणाऱ्या सेटिंग्जचंही बरंचसं असंच असतं. टचपॅडची दोन-तीन बोटांची सेटिंग्ज गेली की टचपॅडचा ड्रायव्हर जाऊन साध्या माउसचा आलेला असतो. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय गेली तर विंडोजमध्ये शोधू नका, बहुतेक लॅपटॉपांत ती कंपनीच्या अ‍ॅपची असते आणि ते अ‍ॅप पुन्हा टाकावं लागतं. मराठी कीबोर्ड गेल्याची तक्रार आमच्या मजल्यावर सर्वांत जास्त येते, आणि तो बहुतेक वेळा गेलेलाच नसतो. विंडोज आणि स्पेसबार दाबून बघा, इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक जो असेल तो रांगेत उभा असतो.

पट्टी परत आली की विंडोज अपडेटमध्ये जाऊन पॉज करा. एका आठवड्यापासून पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. तुम्ही एकच आठवडा थांबवा, सुरक्षेची अपडेटही त्यातच अडकतात.

आता डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्सखाली नेमकं काय नाव दिसतंय आणि रोल बॅकचं बटण काळं आहे की करडं, ते खाली लिहा. आज रात्री दहापर्यंत मी आहे. लॅपटॉपच्या बुडाचा फोटो टाकणार असाल तर सीरियल नंबरवर बोट ठेवून काढा.