दगड बरोबर मोजले, तरी एन दुप्पट कसा?

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एका डोंगराळ नदीच्या तळाचा खडबडीतपणा काढायचा होता. आम्ही शंभर दगड मोजले, मधला आकार ९ सेंमी आला, तो स्ट्रिक्लरच्या सूत्रात घातला तर मॅनिंगचा एन (तळ पाण्याला किती अडवतो ते सांगणारा आकडा) ०.०३२ मिळाला. पण तिथेच पाण्याचा वेग मोजून उलटं गणित केलं तर एन ०.०७ येतोय! पाणी साधारण ४० सेंमी खोल, उतार दीड टक्का. सर म्हणतात मोजणीत घोळ आहे. आणि पुढचा सगळा पट्टा कातळाचा आहे, तिथे मोजायला दगडच नाहीत, मग काय करायचं?

उत्तर: घोळ तुमच्या मोजणीत असेलच असं नाही, मला तर दोन्ही आकडे खरे वाटतात, फक्त ते एकाच गोष्टीचे आकडे नाहीत. स्ट्रिक्लरने १९२३ मध्ये दिलेलं सूत्र तळावरच्या कणांमुळे होणारा विरोध सांगतं आणि त्यात दगडाच्या आकाराचं सहावं मूळ आहे, म्हणजे दगड दुप्पट मोठे झाले तरी एन जेमतेम १२ टक्के वाढतो. पाणी खोल असेल आणि दगड त्यामानाने बारीक असतील तर हे छान चालतं. तुमच्याकडे ४० सेंमी पाणी आहे, ९ सेंमी हा मधला दगड झाला, म्हणजे निम्मे दगड त्याहून मोठे आहेत आणि त्यातले काही धोंडे पाण्याच्या वर डोकं काढून उभे असणार, त्या प्रत्येकाला वळसा घालताना पाणी मागे भोवरे सोडतं, उसळतं, आपटतं, आणि ही सगळी ऊर्जा वाया जाते. तिचा हिशोब त्या सूत्रात कुठेच नाही.

म्हणून डोंगरी नद्यांसाठी मी जॅरेटचं १९८४ चं सूत्र आधी लावून बघते. कोलोरॅडोतल्या तीव्र उताराच्या ओढ्यांवर प्रत्यक्ष मोजून काढलेलं आहे आणि त्यात दगडांचा आकार घ्यावाच लागत नाही. मीटरमध्ये: एन बरोबर ०.३२ गुणिले उताराचा ०.३८ वा घात, भागिले हायड्रॉलिक रेडियसचा (प्रवाहाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले पाणी टेकतं त्या तळ-काठांची लांबी) ०.१६ वा घात. पात्र रुंद असेल तर रेडियसच्या जागी खोली घातली तरी चालतं. तुमचे आकडे घातले तर ०.०७५ येतं, म्हणजे तुमच्या मोजमापाच्या अगदी जवळ! वेगाच्या भाषेत बोलायचं तर ०.०३२ धरलं की सेकंदाला २ मीटरच्या वर वेग येतो आणि ०.०७ धरलं की एक मीटरही नाही. पुराचं पाणी किती वर चढेल हे ज्याला सांगायचंय त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

एक मात्र तपासा. वेग तरंगती वस्तू सोडून काढला असेल तर तो वरच्या थराचा वेग असतो, सरासरीसाठी साधारण ०.८५ ने गुणतात, उथळ खडबडीत पात्रात त्याहूनही कमी धरावं लागतं. ते राहून गेलं असेल तर तुमचा एन आणखी वर जाईल, खाली येणार नाही.

दगड मोजायची पद्धत वोल्मनची, १९५४ ची. पाऊल टाकायचं, खाली न बघता बोटाला जो पहिला दगड लागेल तोच उचलायचा, मधला अक्ष मोजायचा, सगळ्यात लांबही नाही आणि सगळ्यात आखूडही नाही. हात नकळत मोठ्या दगडाकडे जातो म्हणून न बघणं महत्त्वाचं. उचलता न येणारा धोंडा जागेवरच मोजा, सोडून देऊ नका, विरोधाचा मोठा वाटा त्याचाच असतो!

आता कातळ. इथे दगडाऐवजी तळाची उंचसखलता मोजायची. पाणी आटलेलं असताना मोबाईल किंवा ड्रोनने एकमेकांवर भरपूर चढणारे फोटो काढा, सॉफ्टवेअरमधून थ्रीडी पृष्ठभाग तयार करा, त्यातून नदीचा मूळ उतार वजा करा (हे विसरलात तर उतारच खडबडीतपणा म्हणून मोजला जाईल) आणि उरलेल्या उंचींचं प्रमाण विचलन काढा, म्हणजे उंची सरासरीपासून साधारण किती हटते ते. पाण्याखालचा भाग फोटोत असेल तर अपवर्तनामुळे तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो, वरून सरळ खाली बघितलं तर दिसणारी खोली साधारण १.३३ ने गुणावी लागते.

पण नुसत्या प्रमाण विचलनावर थांबू नका. रांजणखळग्यांनी भरलेला कातळ आणि वर सुळके आलेला कातळ, दोघांचं विचलन अगदी सारखं येऊ शकतं, तरी खळग्यांवरून पाणी बऱ्यापैकी सुळकन निघून जातं आणि सुळक्यांवर अडतं. म्हणून उंचींची विषमता, म्हणजे स्क्यूनेस, पण काढा, तो धन आला तर उंचवटे जास्त, ऋण आला तर खळगे जास्त.

आणि जमलं तर दोन्ही पट्ट्यांत मिठाचं पाणी सोडून, वरच्या आणि खालच्या टोकाला कंडक्टिव्हिटी मीटर (खारं पाणी आलं की टिपणारं यंत्र) लावून सरासरी वेग काढा, एकदा पाणी कमी असताना आणि एकदा जरा चढल्यावर. पाणी वाढलं की धोंडे बुडतात आणि एन सहसा खाली येतो, त्यामुळे रिपोर्टमध्ये एन लिहाल तिथे शेजारी त्या दिवशीची खोली नक्की लिहा.