फादर बदलले, चर्च परके झाले

वसईतील माझ्या समुपदेशन केंद्रात दरवर्षी जून-जुलैत एक तक्रार हमखास ऐकू येते : नवे प्रमुख धर्मगुरू आले, सगळे बदलले आणि आता मिस्साला, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनाविधीला, जावेसे वाटत नाही. त्यापाठोपाठ, बहुधा खालच्या आवाजात, प्रश्न येतो : "माझी श्रद्धा कमी झाली का?" या प्रश्नाला मी आज जे उत्तर देते, ते मला एका निवृत्त शिक्षिकेमुळे गवसले. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून तो अनुभव येथे मांडत आहे.

बाईंनी वयाची साठी ओलांडली होती. एकोणीस वर्षे त्यांनी आपल्या धर्मग्रामाच्या (एका चर्चशी जोडलेल्या भाविकांच्या समुदायाच्या) मराठी गायकवृंदाचे नेतृत्व केले होते. नव्या फादरांनी रविवारची आठची मिस्सा तरुणांच्या गायकवृंदाकडे सोपवली आणि बाईंच्या गटाला पहाटे सहाची मिस्सा दिली. तेव्हापासून पाच रविवार त्या चर्चला गेल्या नव्हत्या, त्यांना रात्री झोप लागत नव्हती आणि जुन्या फादरांची बदली म्हणजे त्यांना झालेली शिक्षाच, असे त्या ठामपणे सांगत होत्या. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि कशातच रस उरला नाही, तर डॉक्टरांकडे पाठवणे मी आवश्यक मानते. म्हणून आधी तेच तपासले. बाई वाडीत रमत होत्या, नातवंडांचा अभ्यास घेत होत्या. त्यांचे मन मिटले होते ते केवळ चर्चच्या दारापाशी.

पहिल्या भेटीत माझी एक चूक झाली. बदली ही शिक्षा नसते, हे मी त्यांना समजावू लागले. कॅनन कायद्याच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याच्या, 522व्या कलमाप्रमाणे प्रमुख धर्मगुरूंची नेमणूक मुळात बेमुदत असते आणि बिशप परिषदेने मुभा दिली असेल तर ती ठरावीक मुदतीचीही करता येते. तेव्हा मुदत संपणे यात अपमान कसला, असा माझा युक्तिवाद होता. माहिती बरोबर होती, पण बाई अधिकच गप्प झाल्या. दुःखात असलेल्या माणसाला आपण नियम सांगू लागलो की आपले ऐकले जात नाही असेच त्याला वाटते, हे मला इतक्या वर्षांनंतर तरी कळायला हवे होते.

दुसऱ्या भेटीत मी फक्त एवढेच सुचवले, की या बदलात तुमचे जे जे गेले ते लिहून आणा. त्यांनी वहीच्या पानावर अकरा गोष्टी लिहून आणल्या आणि त्यांत गाण्यांविषयी फार थोडे होते. जुन्या फादरांना कोणत्या घरी कोण अंथरुणाला खिळले आहे हे न विचारता ठाऊक असे. आईच्या अंत्यविधीला बाई त्याच गायकवृंदात उभ्या राहून गायल्या होत्या. सातव्या ओळीपाशी त्यांचा आवाज फुटला : मिस्साच्या वेळांचा बदल त्यांना कोणी घरी येऊन सांगितला नव्हता, मिस्सानंतरच्या सूचनांत तो वाचला गेला आणि तो त्यांनी इतर सर्वांसोबत बाकावर बसून ऐकला.

माझ्या मते धर्मग्रामातील बदलांमुळे होणाऱ्या दुखण्यांपैकी बरीचशी येथेच असतात. माणसे नव्याला विरोध करतात असे आपण सहज म्हणतो, परंतु त्यांना बहुधा जुन्याचा निरोप घ्यायला कोणी वेळच दिलेला नसतो. त्या दुःखाला श्रद्धेची उणीव म्हणणे हा मोठा अन्याय आहे. ज्याला चर्चचे काहीच वाटत नाही, त्याची झोप मिस्साच्या वेळेवरून उडत नाही.

बोलता बोलता बाईंना आई आठवली. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनाविधीविषयीचे संविधान संमत केले आणि त्यानंतर लॅटिन मिस्सा हळूहळू मराठीत आली, तेव्हा त्यांच्या आईला मिस्सात भाविकांनी द्यायची लॅटिन उत्तरे तोंडपाठ होती. आई चर्चमध्ये सर्वांबरोबर मराठी गाणी म्हणू लागली, मात्र संध्याकाळी घरच्या रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, लितानी (नावामागून नाव घेत केलेली विनवणी) आली की "ओरा प्रो नोबिस" (आमच्यासाठी प्रार्थना कर) हेच तिच्या तोंडून येई, अगदी शेवटपर्यंत. बाई थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आज मी ज्यासाठी भांडते आहे ते आईसाठी नवे होते." हा दाखला मी त्यांच्यासमोर ठेवला असता, तर तो उपदेश झाला असता.

त्यानंतर आम्ही फादरांशी काय बोलायचे ते ठरवले. आपले मत पाळकांना आदराने कळवणे हा भाविकांचा हक्क आहे, प्रसंगी कर्तव्यही आहे, असे कॅनन कायद्याचे 212वे कलम सांगते. बाईंना मात्र आजवर ती कुरबूर वाटत आली होती. त्यांनी आठची मिस्सा परत मागितली नाही. "निर्णय तुमचा आहे, फादर, पण तो मला सूचनांमधून कळला याचे मला फार वाईट वाटले," एवढेच त्या बोलल्या. फादरांनी त्याबद्दल क्षमा मागितली, निर्णय मात्र बदलला नाही. निघताना त्यांनी विचारले, की उपवासकाळातील आणि गुड फ्रायडेची जुनी मराठी गाणी मुलांना येत नाहीत, ती तुम्ही शिकवाल का? बाईंनी लगेच होकार दिला नाही आणि घाई करू नका असे मीही म्हटले. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवारच्या दोन आठवडे आधी त्या स्वतःहून सरावाला गेल्या.

आता त्या पहाटे सहाच्या मिस्साला गातात. आठच्या मिस्सातील ड्रम त्यांना अजूनही आवडत नाही आणि तो आवडलाच पाहिजे असे मी कधी म्हटले नाही. शेवटच्या भेटीत त्यांनी ते वहीचे पान पुन्हा काढले. अकरांपैकी सहा ओळींवर त्यांनी स्वतः रेघ मारली होती. आईच्या अंत्यविधीची ओळ तशीच होती. तिला आम्ही दोघींनी हात लावला नाही.