माळ्यावरचा जुना लेझर प्रिंटर पुन्हा चालू होईल का?

तुम्ही विचारलंय की 1990च्या दशकातला लेझर प्रिंटर सुरू होतो, पण कागद ओढत नाही आणि ओढलाच तर फिकट छापतो. नवीन कार्ट्रिज घ्यावं की भंगारात द्यावा?

आधी कार्ट्रिज घ्यायला धावू नका. ठाण्यात कोर्टनाक्याला माझं टायपिंगचं दुकान होतं, असल्या यंत्रांवरच घर चाललं. त्यांत सगळ्यात आधी म्हातारं होतं ते रबर. कागद आत ओढणाऱ्या पिकअप रोलरवर बोट फिरवा. काचेसारखा गुळगुळीत लागला तर तो कागदावरून नुसता घसरतोय. जरा ओलसर सुती फडक्याने पुसा, थिनर अजिबात नको. तडे गेले असतील तर बदलायचा. एका वेळी एकच कागद आत सोडणाऱ्या सेपरेशन पॅडचंही तेच.

फिकटपणाचं मूळ शोधायची जुनी युक्ती आहे. टेस्ट पेज सोडा, कागद अर्धा आत गेला की झाकण उघडा आणि कार्ट्रिज काढून त्यातला ड्रम, म्हणजे अक्षरं आधी जिच्यावर उमटतात ती नळी, बघा. पटकन बघा, त्याला उजेड सोसत नाही. ड्रमवर अक्षरं ठसठशीत आणि कागदावर पुसट, तर दोष ती कागदावर उतरवणाऱ्या ट्रान्सफर रोलरचा. तो काळा स्पंजासारखा असतो. त्याला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की तिथे डाग उठतो. ड्रमवरच फिकी असतील, तेव्हा खुशाल कार्ट्रिज घ्या. आणि पूर्ण बाहेर आलेल्या पानावरची शाई बोटाने निघत असेल तर फ्युजर, म्हणजे शाई तापवून कागदावर पक्की बसवणारा भाग, गेला. तो भाग चटका देतो, प्लग काढून अर्धा तास थांबा.

सांडलेला टोनर, म्हणजे कार्ट्रिजमधली शाईची पूड, गार पाण्याने पुसा. गरम पाण्याने तो चिकटून बसतो.

पार्ट शोधताना नुसतं नाव नको, आतलं इंजिन, म्हणजे छपाईची मूळ यंत्रणा, कुठलं ते विचारा. 1984चा एचपी लेझरजेट आणि 1985चा ॲपल लेझररायटर, दोघांच्या पोटात कॅननचंच इंजिन होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात असं विचारलंत की दुकानदार नीट बोलतो.

आता माझी फजिती. एका जुलैत प्रतिज्ञापत्रं पांढरी-पांढरी यायला लागली, मधेच अक्षरं गायब. बाहेर अशील ताटकळलेले. मी दुपारभर प्रिंटर उकलून बसलो. संध्याकाळी पोऱ्याने कागदाची सीलबंद रीम फोडली आणि पहिलंच पान कुळकुळीत काळं आलं! खाडीकडची दमट हवा आधीच्या उघड्या रीममध्ये मुरली होती. तेव्हा स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी कोरड्या कागदावर एक पान काढून बघा.