टेराकोटा, तहान आणि पक्की वीट

प्रश्न असा आला आहे: इटलीतल्या सिएना शहराच्या एका जुन्या रस्त्याचं वर्णन मराठीत आणताना भाषांतरकाराने 'उबदार, मातकट रंगांची घरं' असं लिहिलं आहे. हे बरोबर आहे का, की सरळ 'टेराकोटा रंगाची' म्हणावं?

दोन्ही नको. उबदार गोधडी असते, खोली असते. रंगांना आपण शाळेतल्या चित्रकलेच्या तासापासून 'उष्ण' म्हणत आलो आहोत. आणि 'मातकट' तर साफ चूक. मळकट, तेलकट, धुरकट, पोरकट: एक बळकट सोडला तर हा 'कट' ज्याच्या मागे लागतो त्याची किंमत उतरवतो. मातकट पाणी आपण पीत नाही, मातकट झालेला सदरा धुवायला टाकतो. सिएना हे विटांचं शहर आहे. तिथला प्रसिद्ध चौक, पियात्सा देल काम्पो, १३४९ साली विटांनीच फरसबंद झाला. शेजारच्या मान्जा मनोऱ्याचं अंग विटांचं, फक्त माथा पांढऱ्या दगडाचा. या रंगाला मराठीत चांगला रुळलेला शब्द आहे: विटकरी. विटकर म्हणजे विटेचा तुकडा, त्यावरून विटकरी.

आता टेराकोटा. शेडकार्डापासून साड्यांच्या जाहिरातीपर्यंत जे काही जरा तांबूस दिसेल त्याला हल्ली टेराकोटा म्हणतात, आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं. टेराकोटा हा मुळात रंग नाही, पदार्थ आहे. इटालियनमध्ये 'तेर्रा' म्हणजे माती आणि 'कोत्ता' म्हणजे शिजवलेली, भाजलेली. कुंभाराचं मडकं टेराकोटा, कौल टेराकोटा. गिलावा करून वरून रंगवलेली भिंत टेराकोटा कशी होईल?

पण हा शब्द उघडून पाहिला की जे हाती लागतं ते सोडवत नाही. 'कोत्ता'चं लॅटिन मूळ 'कोक्वेरे', शिजवणे. आणि हेच आपलं संस्कृत 'पच्'! प कुठे आणि क कुठे, असं म्हणणाऱ्यांनी 'पंच' घ्यावा. लॅटिनमध्ये पाचाला 'क्विन्क्वे' म्हणतात. संस्कृत आणि लॅटिन या दोघींच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या शब्दात आधी प आणि पुढे क्व आला की लॅटिन त्या पहिल्या प-चाही क्व करून टाकते. पंच तसा क्विन्क्वे, पच् तसा कोक्वेरे. म्हणजे पक्व, पाक, स्वयंपाक, पिकणे आणि ती 'कोत्ता' एकाच घरातली. आपण भट्टीतून निघालेल्या विटेला 'पक्की वीट' म्हणतो, तेव्हा इटालियन माणूस ज्या धातूपासून 'कोत्ता' म्हणतो त्याच धातूपासून बोलत असतो. 'पक्का हिंदीतून आला, त्याचं काय कौतुक' हा आक्षेप मला मान्य नाही. आला असेल हिंदीच्या वाटेने. 'पिकणे' तर आपलाच आहे ना, आणि मूळ तेच.

'तेर्रा'च्या बाबतीत मात्र अभ्यासक म्हणवणारेही घसरतात. 'तेर्रा म्हणजेच आपली धरा' हे मी व्याख्यानांतसुद्धा ऐकलं आहे. कानाला गोड, पण चुकीचं. संस्कृत शब्दाच्या आरंभीच्या ध-च्या जागी लॅटिनमध्ये फ येतो: धूम तसा 'फूमुस'. धरा 'धृ'पासून आली, तिचा इथे संबंध नाही. तेर्राचं मूळ 'कोरडं असणं' या अर्थाचं. समुद्र ओला, जमीन कोरडी, म्हणून ती तेर्रा. त्याच मुळापासून संस्कृत 'तृष्', त्यातून तृष्णा, आणि तृष्णेची मराठी लेक तहान. तहान आणि स्वयंपाक, या दोघींच्या नात्यातला शब्द आपण शेडकार्डावर वाया घालवतो!

आणि भट्टीत घडतंही नेमकं तेच, कोरडं होणं आणि भाजणं. सिएनाच्या आग्नेयेच्या टेकड्यांची चिकणमाती, जिला तिथे 'क्रेते' म्हणतात, ती राखाडी असते. भाजली की तिच्यातल्या लोहामुळे तांबडी होते. चित्रकार रंग म्हणून वापरतात ती 'सिएना' माती वेगळी. ती शहरातली नव्हेच. दक्षिणेला मोंते अमियाता डोंगराच्या उतारावर, आर्चिदोस्सोच्या परिसरात तिच्या खाणी होत्या. कच्ची असताना ती पिवळसर तपकिरी असते, कारण तिच्यातल्या लोहाच्या खनिजात पाणी बांधलेलं असतं. तापवलं की पाणी निघून जातं आणि माती तांबूस होते. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेली मुलं जी 'बर्न्ट सिएना' वापरतात ती हीच. ('सायना' म्हणू नका, सि-ए-ना.) पाणी गेलं म्हणजे तेर्रा, भाजली म्हणजे कोत्ता. म्हणून त्या ट्यूबला मराठीत 'पक्की सिएना' म्हणावं असा माझा आग्रह आहे. 'दग्ध सिएना' वगैरे सुचवणाऱ्यांना एवढंच विचारतो, दग्ध वीट म्हणता का?

गिलाव्याच्या भिंतींचं गणित निराळं. रोम, बोलोन्या, तोरीनो इथे चुन्यात माती कालवून भिंती रंगवत. चुन्याच्या तिखट क्षारापुढे वनस्पतींचे रंग टिकत नाहीत, मातीचे टिकतात; म्हणून रस्तेच्या रस्ते त्याच मोजक्या छटांचे. तिथे विटकरी लावू नका. गेरू आणि पिवडी हे शब्द घ्या, ते त्याच मातीचे आहेत. गोवा-सिंधुदुर्गातल्या देवळांवरची काव पाहिली असेल तर हे सांगावं लागू नये: चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर आणि तो खरवडून काढलेली पांढरी नक्षी. इटलीत याच कामाला 'स्ग्राफीतो' म्हणतात.

राहिला अंबर (इंग्रजी umber), तो गडद तपकिरी मातीचा रंग. काही कोश त्याला उंब्रिया प्रांताच्या नावावरून आणतात. मला ते पटत नाही. इटालियनमध्ये 'ओम्ब्रा' म्हणजे सावली, आणि चित्रकार ही माती सावल्या रंगवायलाच वापरत आले. शिवाय या मातीचा सर्वांत नावाजलेला माल सायप्रसचा. उंब्रियावाल्यांनी आधी सायप्रसचं काय ते सांगावं.