इंद्रावती नदीचा प्रदेश नेमका कुठे आहे, आणि तिथला इतिहास-संस्कृती काय?

इंद्रावती ओडिशातल्या कालाहांडीच्या डोंगरात उगम पावते, छत्तीसगडमधलं बस्तर ओलांडून येते, पुढे छत्तीसगड आणि गडचिरोलीची हद्द आखते आणि सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. जगदलपूरपासून जवळच चित्रकोटचा धबधबा आहे. पावसाळ्यात तिथलं पाणी अक्षरशः विटकरी होतं.

बस्तरमधल्या बारसूर गावाची जुनी देवळं नागवंशी राजांच्या काळातली. पण माझ्या मते इथला सर्वांत महत्त्वाचा इतिहास १९१० चा: भूमकाल, म्हणजे बस्तरच्या आदिवासींचा उठाव. इंग्रजांनी जंगल राखीव करायला घेतलं, फिरती शेती आणि वनोपज यांवर बंधनं आली, आणि गुंडाधूरच्या नेतृत्वाखाली बस्तर उठलं. गावोगाव निरोप गेला तो आंब्याची डहाळी आणि मिरच्या पाठवून. आपल्या शाळेच्या पुस्तकांत याला जागा मिळायलाच हवी.

आपल्या, म्हणजे महाराष्ट्राच्या, बाजूला गडचिरोलीतलं भामरागड. इथे पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. पुरात पर्लकोटेचा पूल बुडाला की भामरागडचा संपर्क तुटायचा, हे वर्षानुवर्षं चाललं. राहणारे मुख्यतः माडिया गोंड. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प (१९७३) इथलाच.

संस्कृती बघायची तर मार्च-एप्रिलमध्ये पहाटे जा. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली असते. रात्रभर टपटपलेली मोहफुलं बायका-मुलं टोपल्यांत वेचतात, मग अंगणात वाळत घालतात. सगळ्या अंगणाला तो गोड, जड वास असतो.