समुद्रविज्ञानाचं आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण परदेशी पीएचडीशिवाय मिळतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. फिजिक्समध्ये एमएससी झाल्यावर, परदेशी पीएचडीला न जाता, असं प्रशिक्षण मिळतं का? आणि त्यातून देशादेशांत खरंच सहकार्य उभं राहतं, की नुसतं सर्टिफिकेट हाती पडतं? पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं कोर्सवर अवलंबून आहे. कोर्स संपल्यावर सगळ्यांनी मिळून करायचं काही काम उरत असेल, तर तो कोर्स कामाचा.

याचा उत्तम दाखला आपल्याच देशात आहे. 1960 च्या सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम सुरू झाली. कितीतरी देशांची जहाजं आली; अमेरिकेचं 'अँटन ब्रून' तर मुळात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची यॉट! आपल्याकडून नौदलाचं 'आयएनएस किस्तना' होतं. पण प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, पकडायची जाळी प्रत्येकाची वेगळी असती, तर आकडे जुळवायचे कसे? म्हणून एक प्रमाण जाळं ठरलं. तोंड एक चौरस मीटरचं, 200 मीटरवरून सरळ वर ओढायचं. त्या जाळ्यांत आलेले नमुने गटवार वेगळे करायला युनेस्कोच्या मदतीने कोचीत केंद्र निघालं. आपले तरुण जीवशास्त्रज्ञ तिथे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव एकीकडे, बाणासारखे पारदर्शक कृमी दुसरीकडे, खेकड्या-कोळंबीच्या अळ्या तिसरीकडे. मग एकेक गट त्याच्या जाणकाराकडे जाई, तो कुठल्या का देशात असेना. काम रटाळ होतं, यात शंका नाही. पण नजर तयार झाली ती त्यातूनच. 1 जानेवारी 1966 ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि कोचीचं केंद्र तिच्यात आलं. आज तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आहे. दुसरी हिंदी महासागर मोहीमही 2015 मध्ये गोव्यातूनच सुरू झाली.

जहाजावरचं शिक्षण कसं असतं तेही सांगतो. रोझेट, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी भरून आणणारी बाटल्यांची चौकट, डेकवर आला की सगळे बाटल्यांकडे धावतात, पण क्रम ठरलेला असतो. हवा लागली की बिघडणारे वायूंचे नमुने आधी, म्हणजे नेहमीच्या संशोधन-सफरीवर ऑक्सिजन पहिला. नळी नमुन्याच्या बाटलीच्या तळाशी टेकवायची, पाणी भरून वाहू द्यायचं, बुडबुडा दिसला की नमुना बाद. क्षारतेची बाटली शेवटी, त्याच पाण्याने तीनदा विसळून. रात्री दोनला, जहाज डोलत असताना, हे पुस्तकातून येत नाही. भाषा कुठलीही असो, हात सगळ्यांचे तसेच चालावे लागतात. नाहीतर मोझांबिकचा आकडा आणि मुंबईचा आकडा एका नकाशावर मांडण्यात अर्थ नाही.

आता प्रशिक्षणाच्या वाटा. हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर-माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत आयटीसीओओशन हे प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या छोट्या कोर्सना हिंदी महासागराभोवतीच्या देशांतलेही लोक येतात, त्यामुळे ओळखी घराजवळच होतात. युनेस्कोच्या ओशनटीचर अकादमीचे ऑनलाइन कोर्स आहेत. पोगो आणि स्कॉर या समुद्रसंशोधनातल्या आंतरराष्ट्रीय संस्था मिळून फेलोशिप देतात. तिच्यात विकसनशील देशातल्या तरुण संशोधकाला दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत काही काळ काम करता येतं. पण परत येऊन शिकलेलं कुठे वापरणार, हे अर्जात पटवून द्यावं लागतं. बरेच जण नेमके तिथेच गुळमुळीत लिहितात. मुदती आणि पात्रता बदलत असतात, साइटवर बघूनच ठरवा.

एक आडवाट. समुद्र कायद्याच्या कराराप्रमाणे परक्या जहाजाला किनारी देशाच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या त्याच्या हक्काच्या समुद्रपट्ट्यात, संशोधन करायचं तर त्या देशाची संमती लागते, आणि त्या देशाला त्यात सहभागी होण्याचा, जमेल तेव्हा आपले शास्त्रज्ञ जहाजावर पाठवण्याचा हक्क आहे. अशी जागा मिळाली तर सोडू नका. फक्त जाण्याआधी डेटा कोणाकडे राहणार आणि पेपरवर नाव कोणाचं, हे लेखी ठरवून घ्या. नमुने गेले, पेपर छापून आला, आपल्या माणसाचं नाव आभारात, हा प्रकार या क्षेत्रात नवा नाही.

आणि कशाचीच वाट न बघता करता येण्यासारखं म्हणजे आर्गो, जगभरच्या समुद्रांत सोडलेल्या मोजणी-फ्लोटचं जाळं. हे तरंगते यंत्रमानव 1000 मीटरवर वाहत राहतात, साधारण दर दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरतात आणि वर येताना तापमान-क्षारता मोजून उपग्रहाला कळवतात. डेटा सगळ्यांना फुकट. अरबी समुद्रातला एक फ्लोट निवडा, मान्सूनआधीच्या आणि नंतरच्या वरच्या थराचा आलेख पायथॉनमध्ये काढा. फिजिक्सवाल्याला अवघड नाही. अर्जाला तो आलेख जोडा.